वाडीत आरोग्याचं काम करायला येताय? मग बारा फेऱ्या धरून या

दसरा झाला, रस्त्यावरचा चिखल वाळला की मला पुण्यातून फोन यायला लागतात. कोणाची सोसायटी असते, कोणाचा कॉलेजचा ग्रुप असतो, कोणाच्या कंपनीनं समाजकार्यासाठी पैसे बाजूला काढलेले असतात. "सिस्टर, डिसेंबरात एका रविवारी आरोग्य शिबिर घ्यायचं म्हणतोय, एखादी आदिवासी वाडी सुचवा ना." विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून मीही मनापासून सांगते. एका रविवारपुरतं येणार असाल तर नका येऊ. वर्षाच्या बारा महिन्यांत बारा फेऱ्या मारायची तयारी असेल तर मी स्वतः तुम्हाला वाडीत घेऊन जाते.

मी महादेव कोळी. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला माझं माहेर. एएनएम शिकले आणि एकतीस वर्षं आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातच आरोग्यसेविकेची नोकरी केली. आता निवृत्त होऊन लेकाकडे भोसरीला असते. आमच्या भागातली निम्मी माणसं पोटासाठी भोसरीतच येऊन राहिलीत, त्यामुळे परकं वाटत नाही. महिन्यातून एक-दोनदा वर जाते. आता सांगतेय ते या सगळ्या वर्षांत हाताखालून गेलेलं.

आढ्याला टांगलेली पिशवी

आधी ही गोष्ट ऐका, म्हणजे मी बारा फेऱ्यांचा हट्ट का धरते ते कळेल.

एका वर्षी पुण्यातल्या एका ग्रुपनं आमच्याकडच्या एका वाडीत शिबिर घेतलं. मंडप घातला, बायकांचं रक्त तपासलं, लोहाच्या लाल गोळ्या वाटल्या, फोटो काढले आणि संध्याकाळी गाड्या परत गेल्या. त्या उपकेंद्राची सेविका पुढे लांब रजेवर गेली आणि तिचा चार्ज माझ्याकडे आला. साधारण अडीच महिन्यांनी मी नवजात बाळ बघायला त्या वाडीतल्या एका घरी गेले. चुलीजवळ झोळी बांधलेली, आत बाळ. वर आढ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती. आत गोळ्यांच्या पट्ट्या, धुरानं काळवंडलेल्या. मोजल्या. दोन गोळ्या कमी होत्या, बस.

बाळंतिणीला विचारलं, तर म्हणाली, "दोन खाल्ल्या बाय. मळमळाया लागलं. मंग शी काळी झाली. सासू म्हनली, रगात जळतंय पोटात, नको खाऊ."

लोहाच्या गोळीनं शी काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, ते जेवणानंतर घेतली की बरंच कमी होतं. एवढी दोन वाक्यं कोणी सासूला सांगितली असती तर पिशवी तशी टांगली गेली नसती. त्याच पिशवीत शिबिरातली चिठ्ठी होती. हिमोग्लोबिन ६.८, आणि खाली इंग्रजीत मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून लिहिलेलं. बाई तेव्हा सातव्या महिन्यात. गरोदर बाईचं रक्त सातच्या खाली म्हणजे तिला त्याच दिवशी गाडीत घालून रुग्णालयात न्यायला हवं होतं. ती चिठ्ठी घरात कोणाला वाचताच आली नाही. बाळंतपणात रक्त गेलं, मंचरला नेऊन रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. बाळ एक किलो नऊशेचं. दोघंही जगली, त्यांच्या नशिबानं.

तपासलं त्यांनी नीटच होतं. आकडाही खरा निघाला. पण आकडा कळल्यावर त्या बाईच्या मागे उभं राहायला पुढच्या आठवड्यात तिथे कोणी नव्हतं. म्हणून माझा पहिला नियम असा की ज्या गोष्टीचा पाठपुरावा तुम्ही करू शकणार नाही, ती तपासू नका.

पहिल्या दोन फेऱ्या रिकाम्या हातांनी

बीपीचं मशीन, वजनकाटा, औषधं, काहीही आणू नका. पाच-सहा माणसं पुरेत, त्यांत दोन बायका हव्यातच. आणि जी माणसं पहिल्यांदा येतील त्यांतली निदान तीन वर्षभर तीच राहू द्या. आमच्या बायका अंगावरून पांढरं जाण्याची गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत काढतात. तोवर तोंड ओळखीचं झालेलं असावं लागतं.

आल्यावर पहिल्यांदा आशाताईला भेटा. नंतर अंगणवाडी सेविका, उपकेंद्राची सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. सरकारी नियमानं डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. कागदावर हा आकडा मैदानी भागापेक्षा बरा दिसतो, पण आमच्याकडे तीन हजार माणसं दहा-बारा वाड्यांत, ओढ्यांच्या अल्याड-पल्याड पसरलेली असतात. या सगळ्यांना नावानिशी ओळखणारी एकटी आशाताईच. तिला डावलून काही केलंत तर तुमच्या माघारी ते टिकणार नाही. आणि तिला खुर्च्या मांडायला, चहा करायला लावू नका. ती तुमची शिक्षिका आहे असं समजून वागा. तिचा दिवसाचा रोज बुडत असेल तर तो आधी बोलून ठरवा आणि हातात द्या.

मग गावाची परवानगी. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे आदिवासी गावांच्या ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. त्यामुळे वाडीची ग्रामसभा ही नुसती सही घ्यायची जागा नव्हे. सभेत बसा, काय करायचं म्हणताय ते मराठीत, सोप्या भाषेत सांगा आणि लोकांचं ऐका. लोक म्हणाले, "आधी विहिरीचं बघा," तर आधी विहिरीचं बघायचं, तुमची डोळे तपासणी मागाहून.

बसलात की माझे दोन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी वाडीत कोण कोण गेलं आणि कशानं गेलं? आणि रात्री कोणाच्या पोटात दुखायला लागलं तर तुम्ही काय करता, पहिल्यापासून सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला अर्धा तास लागतो, पण त्यात सगळं येतं. जीप कोणाकडे आहे, तो किती पैसे घेतो, मोबाईलला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, १०८ ची गाडी कुठवर येते आणि तिथपर्यंत माणसाला डोलीत आणावं लागतं की चालवत. हे सगळं लिहून घ्या. तुमच्या कामाचा अर्धा आराखडा त्यातच आहे.

बायकांबरोबर पाण्याला जा. चालत, हंडा घेऊन. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर अशक्तपणा कुठून येतो ते गुडघ्यांना कळेल.

वाडीचं कॅलेंडर पाठ करा

पुण्याचा रविवार वाडीत रविवार नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाताची लावणी चालते तेव्हा घरात म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं सोडून कोणी नसतं. सकाळी अकराला मंडप टाकून बसलात तर ज्यांना गरज आहे ती बाई खाचरात वाकलेली असणार. त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर जायचं, मुक्काम करायचा, चुलीजवळ बसून काम करायचं. गौरी-गणपतीत लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा गरोदर बायका भेटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर कापणी-मळणीचे. भात घरात आलं की जवान माणसं मजुरीला खाली उतरतात, नारायणगावकडे टोमॅटोला, कांद्याला. उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचे, हिरडा गोळा करायचा, नंतर जत्रा आणि लग्नं.

कातकरी वस्त्यांचं आणखी वेगळं. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या बाजूला काम करणार असाल तर दिवाळीनंतर वस्ती जवळजवळ रिकामी झालेली दिसेल. घरंच्या घरं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला गेलेली असतात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. तेव्हा तुमची फेरी वस्तीऐवजी भट्टीवर न्या. मुकादमाला आधी भेटा, पोरांचं लसीकरण कार्ड बरोबर ठेवायला सांगा आणि भट्टीजवळच्या आशाताईचा नंबर घरच्या बाईला द्या. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, माडिया गोंड आणि कोलामांबरोबर. १५ नोव्हेंबर २०२३ ला अशाच जमातींसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत फिरते दवाखाने, घरं, रस्ते यांची तरतूद आहे. पण आधार कार्ड, जातीचा दाखला, रेशनकार्ड नसलं की माणूस दारातच अडतो. डॉक्टर नसलेल्या तुमच्या सभासदांना मी हेच काम देते. एका घराचे कागद पूर्ण करून देणं म्हणजे पुढे त्या घरातलं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होण्याची सोय करणं.

वही

मोबाईलमध्ये नका भरू, निदान पहिल्या वर्षी तरी. दोनशे पानी लाँगबुक घ्या, जाड पुठ्ठ्याची. एका घराला एक पान. वर घरातल्यांची नावं, वयं, कोण गरोदर, कोण स्तनदा, पाच वर्षांखालचं कोण, म्हातारं कोण, औषध कोणाला रोजचं चालू. खाली प्रत्येक फेरीच्या तारखेसमोर काय झालं ते दोन ओळीत. आणि उजवीकडे लाल पेनानं एक रकाना, "पुढच्या वेळी बघायचं". लाल शाईतली एकही ओळ बघितल्याशिवाय वाडीतून परतायचं नाही. हा माझा कडक नियम आहे.

वाचताना मोठ्यानं वाचू नका. एकदा एका मुलानं ओट्यावरून हाक मारून सांगितलं, "मावशी, तुमचं रक्त फारच कमी हो!" सगळ्या वाडीनं ऐकलं. तिच्या लेकीचं लग्न ठरत होतं. "या घरच्या बाया आजारी" एवढं बोलायला लोकांना पुरतं. आकडा ज्याचा त्यालाच, आडोशाला, हळू आवाजात सांगायचा. वहीची एक प्रत आशाताईकडे राहील, तुमच्या ऑफिसात पडून राहणार नाही. आणि फोटो काढायचे तर विचारून. पोरांचे तर नकोच.

रक्त आणि पोट

आमच्याकडच्या बायकांचं मोठं दुखणं म्हणजे पंडुरोग. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या खाली, इतर बायकांचं बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी. सात ते दहाच्या मधली बाई उपकेंद्राच्या सिस्टरकडे आणि डॉक्टरांकडे गोळ्या वाढवायला, आणि सातच्या खालची त्याच दिवशी रुग्णालयात. त्यासाठी तपासणीच्या दिवशी एक गाडी वाडीतच थांबलेली असू द्या.

गोळी देताना सासूला शेजारी बसवा, नवऱ्यालाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, एकशे ऐंशी दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच. जेवणानंतर थोड्या वेळानं, लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर. कोऱ्या चहाबरोबर नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. शी काळी होईल हे तिनं विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. महिनाभराच्या गोळ्या एकदम देऊन मोकळं होऊ नका. पहिल्या आठवड्यानंतर आशाताई जाऊन पट्टी मोजेल असं ठरवा. मी पट्टी मोजते तेव्हा बायका हसतात, पण पुढच्या वेळी स्वतःहून आणून दाखवतात.

जेवणाबद्दल बोलताना फार जपून बोला. पुण्याहून आलेल्या एका ताईंनी बायकांना पनीर आणि बदाम खायला सांगितलेलं मी ऐकलंय. आमच्या घरात नाचणी आहे, वरई-सावा आहे, पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे आहेत, मासे आहेत, जवळा-सुकट आहे. पहिल्या पावसात शेवळं, नंतर कुर्डू, भारंगी, टाकळा, कवळा. नाचणीत कॅल्शियम भरपूर. रक्तासाठी खेकडा, सुकट, कलेजी, पालेभाजी, वर लिंबू. कातकरी घरात शिकारीचं, उंदराचं मटण खातात. त्यावर नाक मुरडलंत तर त्या घराचं दार तुम्हाला बंद झालं समजा. मी एका फेरीत वाडीतल्या आज्यांना त्यांच्या माहितीच्या भाज्या आणायला सांगितल्या. त्या दिवशी ओट्यावर बावीस पाले जमले. पंचविशीतल्या सुनांना त्यातले सात-आठच ओळखता आले. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पावसाळी फेरीत आजी शिकवते आणि सुना निवडतात-चिरतात, मी फक्त पंगतीला बसते.

गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात आहे. ती तुमच्या वाडीत रोज मिळते का, नसेल तर कशामुळे अडलीय, ते बघा. शिधा येतो पण शिजवायला सरपण नाही, किंवा अंगणवाडी ओढ्यापलीकडे म्हणून आठव्या महिन्यातली बाई जात नाही, अशी साधी कारणं निघतात. ती तुम्हाला सोडवता येतात. पौष्टिक पावडरचे डबे वाटण्यापेक्षा हे करा.

पोरांचं वजन अंगणवाडीताई करतेच. तुम्ही दंडाचा घेर मोजायला शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते पोर तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. पट्टी ओढून घट्ट करू नका. पायांवर सूज आहे का ते अंगठा दाबून बघा. असं पोर सापडलं की आशाताई आणि डॉक्टर, त्याच दिवशी.

खरूज

याकडे शिबिरवाले बघत नाहीत, कारण खरुजेचा चांगला फोटो निघत नाही. पण रात्र-रात्र खाजवणारं पोर शाळेत काय शिकणार? एकट्या पोराला मलम देऊन काही होत नाही. घरातली सगळी माणसं एकाच रात्री. शक्य असेल तर शेजारची दोन्ही घरंही. परमेथ्रिनचं मलम डॉक्टरांनी लिहून दिलं की गळ्याखालून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखेत, कमरेला चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका. कपडे-वाकळा कडक पाण्यात. वाकळ जड असते आणि पाणी लांब, तेव्हा ती प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवली तरी चालतं. तुमच्या ग्रुपनं त्या फेरीला पाण्याचा टँकर आणि मोठी पातेली आणली तर वाडी तुमचं नाव काढेल.

साप, आणि भगतबाबा

आमच्याकडे माणसं जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री घरात येते, झोपेत चावते, दुखतही नाही, दातांचे वण धड दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. घरचे म्हणतात, बाधा झाली. म्हणून मच्छरदाणी वाटायची असेल तर ती वाकळेखाली चारी बाजूंनी खोचून दाखवा. डासही जातात आणि मण्यारही आत येत नाही.

चावलं तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी, जोडवी, बांगड्या काढायच्या, कारण सूज आली की निघत नाहीत. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि थेट सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालते, त्यामुळे साप मारून बरोबर आणायच्या भरीस पडू नका. तुमच्या वाडीजवळ लस नक्की कुठे असते, रात्री डॉक्टर असतात का, हे पावसाच्या आधी स्वतः जाऊन विचारा आणि पत्ता शाळेच्या भिंतीवर रंगवा.

लोक आधी भगताकडे, म्हणजे मंत्र-अंगारा करणाऱ्याकडे जातात. त्याच्याशी भांडून मला कधी काही मिळालं नाही. एका वाडीतल्या म्हाताऱ्या भगतबाबांच्या ओट्यावर मी तीन फेऱ्या नुसती बसले. चौथ्या वेळी त्यांनीच विचारलं, "सिस्टर, तुमच्या लशीनं खरंच उतरतं का?" मी म्हटलं, लवकर पोचलं तर उतरतं. मग आमचं ठरलं. ते अंगारा लावतील, पण गाडीत बसवताना. आणि जमलं तर स्वतः बरोबर येतील. भगत गाडीत बसला की घरच्यांचा धीर सुटत नाही आणि कोणी वाटेत गाडी फिरवायला सांगत नाही. सुईणीचंही तसंच. बाळंतीण रुग्णालयात गेली तरी तिच्या पाठीवरून हात फिरवायला सुईण बरोबर हवी असते. तिला जायचं भाडं द्या.

बाळ घरी आल्यावर

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. तो अभ्यास १९९९ साली छापून आला. आज देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते ते त्याच कामामुळे. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पावसात ओढा भरला की यातली एखादी भेट चुकते. तुम्ही तिला चांगला रेनकोट, गमबूट, बॅटरी आणि चालू वजनकाटा द्या. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं कसं ठेवायचं ते तिला येतं, तिच्याकडून शिका आणि घरच्या पुरुषांनाही शिकवा.

सिकलसेल

हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. त्याची तपासणी करणार असाल तर ठरवून करा. १ जुलै २०२३ ला केंद्राची मोहीम सुरू झाली, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांना तपासायचं आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं ठरलंय. पहिली चाचणी बोटाच्या रक्ताची, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरला असं होत नाही. पुढची पक्की तपासणी होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नका. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे हे चार वेळा सांगा. दोघं वाहक असतील तर दर खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, हे लग्नाआधी मुला-मुलीला कळावं म्हणून ही तपासणी. पक्का रोगी निघाला तर त्याला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायची नाही.

पाऊस जोरात लागला की

३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्या तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला, १५१ माणसं गेली. मी जवळच्याच भागात नोकरीला होते, त्या चिखलातलं मी लिहिणार नाही. पण आजही आमच्या वाड्यांत रात्रभर पाऊस कोसळला की माणसं झोपत नाहीत. बायका पोरांना उशाशी कपडे घालूनच निजवतात. छातीत धडधडतं म्हणून येणारीला नुसती गोळी देऊन पाठवू नका, "पावसात झोप लागते का?" असं विचारा. ती बोलायला लागली की मध्ये तोडू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, पण रेंज टेकाडावर. म्हणून माझ्या फेऱ्यांत पावसाळ्यातली एक संध्याकाळ नुसती बसायची असते. बायका गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, रडतात. दारूचा विषय पुरुषांपुढे काढायचा तर तो वाडीतल्याच, सोडलेल्या माणसाच्या तोंडून. पाहुण्यानं काढला की माणसं उठून जातात.

पैसे आणि बाराव्या फेरीनंतर

गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा निधी असतो, पेसा गावांना त्याशिवाय राज्याच्या आदिवासी विकासाच्या पैशातला पाच टक्क्यांचा अबंध निधी येतो. वर्ष संपत आलं की तुमची वही घेऊन ग्रामसभेत बसा. रात्रीच्या जीपचं भाडं, विहिरीचं पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, आशाताईची बॅटरी हे खर्च गावाच्या ठरावात घाला. तुमच्या पैशातून चालू राहिलेली गोष्ट तुम्ही दमलात की बंद पडते. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तिथे पाठपुरावा करायला वाडीतली दोन तरणी पोरं तुमच्याबरोबर दोनदा येऊ द्या, तिसऱ्यांदा ती एकटी जातील.

आता पहिल्या फेरीचं. वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळची पहिली भीमाशंकर गाडी धरायची. राजगुरुनगर, मंचर करत घोडेगाव, तिथून पुढे जीप. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, जेवणाचे डबे नका आणू, वाडीत जेवायचं आहे आणि त्याचे पैसे बचत गटाला द्यायचे आहेत. कोणी कोरा चहा पुढे केला तर पूर्ण प्या. मी भोसरीला चढते, उजवीकडची तिसरी सीट धरून ठेवा. वही माझ्याकडे आहे.